गाडीत पाणी येतंय? आधी वाट शोधा, मग कार्पेट वाळवा

दार उघडल्यावर कुबट वास येतो, काचा आतून सारख्या धुरकटतात, मॅट उचलली की खाली बोटांना ओल लागते. अशा वेळी बहुतेक जण उन्हात दारं उघडी टाकतात आणि सिलिकॉनची ट्यूब घेऊन येतात. वरचा थर एका दुपारीत सुकतो, खालचं पाणी तसंच राहतं. आणि सिलिकॉन जिथे फासलेलं असतं तिथून पाणी येतच नव्हतं, हे पुढच्या पावसात कळतं. म्हणून क्रम सोडू नका: खाली किती पाणी आहे ते बघा, ते कसलं आहे ते ओळखा, वाट शोधा, ती बंद करा, पुन्हा पाणी मारून खात्री करा. कार्पेट कायमचं बसवायचं ते त्यानंतर.

कार्पेटच्या खाली काय असतं

सर्वांत खाली पत्रा, त्यावर आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी तक्ते, त्यावर फोम किंवा चिंध्यांचा दाबलेला नमदा आणि सर्वांत वर साच्यात घडवलेलं कार्पेट. बऱ्याच गाड्यांत कार्पेटच्या पाठीला जड, रबरासारखा थर असतो. तो आवाज अडवतो तसाच वाफही अडवतो. त्यामुळे नमद्यातलं पाणी वरच्या दिशेने उडूनच जात नाही.

पाणी किती असू शकतं याचा हिशोब करून बघा. एका बाजूची पाय ठेवायची जागा 60 × 50 सेंमी धरली आणि खालचा फोम 2 सेंमी जाड धरला, तर त्याचं आकारमान 6 लिटर होतं. त्यातली निम्मी पोकळी भरली तरी 3 लिटर पाणी. फोम दाबून तपासताना वरून हात फिरवून भागत नाही. टिशू पेपर ठेवा, त्यावर टाच ठेवून पूर्ण वजन द्या आणि दहापर्यंत मोजा. टिशू ओला झाला तर खाली पाणी आहे. टिशू कोरडा राहिला तरीही दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी वर ओढून काढा (बहुतेक गाड्यांत ती फक्त क्लिपांवर असते), कार्पेटची कड सोडवा आणि हात थेट पत्र्याला लावा. खरं उत्तर पत्र्यावरच मिळतं.

ओलं कुठे आहे यावरून पाणी कुठून आलं हे ठरवू नका. फ्लोअरच्या पत्र्याला खाचा आणि उंचवटे असतात, सीटखालून आडवा पट्टा गेलेला असतो, वायरिंगचे जुडगे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातात. ब्रेक मारला की पाणी पुढे धावतं, वेग घेतला की मागे. मागच्या प्रवाशाच्या पायाखाली साचलेलं पाणी पुढच्या काचेखालून शिरलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

पाणी कसलं आहे

पांढऱ्या टिशूवर थोडं टिपून घ्या, उजेडात बघा, वास घ्या.

रंग नाही, वास नाही किंवा फक्त मातकट वास आहे, तर पावसाचं किंवा एसीचं पाणी. कोरड्या दिवसांत, फक्त एसी चालवल्यावर ओल वाढत असेल तर एसीचंच.

हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी छटा, बोटांना चिकट-बुळबुळीत, गोडसर वास: हे कूलंट आहे, आणि डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचे जोड गळतायत. सोबत पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं येतं आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. इंजिन गरम असताना ती टाकी उघडू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे लहान मुलं आणि पाळीव जनावरं लांब ठेवा. शिवाय ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही. वाळवत बसून उपयोग नाही, नमदा कोमट पाण्याने अनेकदा धुवूनच काढावा लागतो.

साबणासारखा किंवा स्पिरिटसारखा वास आला तर काच धुण्याच्या टाकीकडून येणारी नळी तपासा. मागची काच धुणारा फवारा येईनासा झाला आणि टाकी मात्र रिकामी होतेय, तर छतातून किंवा मागच्या दाराच्या बिजागरीजवळून जाणारी नळी निघालेली असते.

चालकाच्या पॅडलांजवळ तेलकट, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक किंवा क्लचचं फ्लुइड असू शकतं. तशी गाडी चालवू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

कधी ओलं होतं

हे नीट आठवलं की निम्मं शोधकाम संपतं. उभ्या गाडीवर पाऊस पडल्यावर ओलं होत असेल तर काच, छत, सनरूफ, काउल (वायपरखालची पन्हळ) किंवा दारं. फक्त पावसात गाडी चालवल्यावर होत असेल तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून येतंय: फ्लोअरची रबरी बुचं, चाकाच्या कमानीमागचे जोड, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातली भोकं. धुतल्यावर ओलं होतं पण पावसात नाही, तर प्रेशरचं पाणी दाराच्या रबराखाली घुसलेलं असू शकतं, आणि तो दर वेळी दोष असतोच असं नाही. उतारावर एका विशिष्ट दिशेने गाडी लावल्यावरच होत असेल तर कुठला तरी निचरा तुंबलाय आणि त्या कलात पाणी काठावरून आत येतंय.

पाणी मारून शोधण्याची पद्धत

आधी तयारी. ज्या बाजूला ओल आहे तिथली उंबऱ्याची पट्टी आणि पायाजवळचं बाजूचं प्लॅस्टिक काढा, कार्पेट जमेल तितकं मागे दुमडा आणि पत्रा पूर्ण कोरडा करा. ओल्या पत्र्यावर नवं पाणी ओळखता येत नाही. सीट काढायची वेळ आली तर इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. तो दिलेला नसेल तर 10 मिनिटं धरा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. ते सोडवलेले असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुढे तो स्कॅनरने घालवावा लागतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली, तर तिच्या आसपासचं काम स्वतः करू नका.

मग:

1. संशयित वाटांवर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरा. पाण्याचा एक थेंब ओघळला तरी पावडरमध्ये स्पष्ट रेघ उमटते. कोपऱ्यात जिथे पावडर बसत नाही तिथे टिशूच्या पट्ट्या चिकटवा.
2. एक जण टॉर्च घेऊन आत बसू दे, दारं-खिडक्या बंद.
3. बाहेरच्याने पाइपाचं नोझल काढून, साध्या धारेने पाणी सोडायचं. प्रेशर वॉशर वापरायचा नाही. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि तुम्ही भलत्याच जागी अडकता.
4. सुरुवात खालून. आधी उंबरा आणि चाकाच्या कमानी, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेचा पायथा, मग काचेच्या बाजू, वरची कड, शेवटी छत. प्रत्येक टप्प्यावर निदान 5 मिनिटं.
5. आत पहिली रेघ दिसली की लगेच थांबा. त्या रेघेचा माग वरच्या दिशेने घ्या, लागेल तसं प्लॅस्टिक काढत जा.

खालून वर जाण्याचं कारण सरळ आहे. छतावर आधी पाणी ओतलं तर ते सगळ्या जोडांवरून ओघळतं आणि नेमका कुठला जोड फुटलाय हे कळायला मार्ग उरत नाही. या चाचणीतली बहुतेक फसगत घाईमुळे होते. तुंबलेला निचरा काठोकाठ भरायला वेळ लागतो, आणि दोन मिनिटांत आपण "इथून येत नाही" म्हणून पुढे सरकतो.

बारीक फटीसाठी उलटी पद्धत कामी येते. बाहेरची हवा आत घेण्याचं बटण लावा, ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा, सगळं बंद करा. केबिनमध्ये किंचित दाब तयार होतो. आता बाहेरून काचेच्या कडा, अँटेनाचा पाया आणि छताच्या खाचांवर भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी फवारा. फट असेल तिथे बुडबुडे फुगतात. हे मोकळ्या हवेत करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

काउल: वायपरखालचा खड्डा

संशय कुणावर आधी घ्यायचा असं विचारलं तर उत्तर हेच. वायपरच्या खाली जाळीदार प्लॅस्टिक असतं, त्याखाली एक पन्हळ. पुढच्या काचेवरचं सगळं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे उतरतं. याच पन्हळीतून ब्लोअर हवा ओढतो. पानं, पाकळ्या, माती कुजून भोकं बुजली की पाणी चढतं, ब्लोअरच्या तोंडाच्या काठावरून ओसंडतं आणि शेजारच्या सीटच्या पायाशी उतरतं. केबिन फिल्टर काढून बघा. त्यावर ओल, पाण्याचे डाग किंवा वाळलेली माती असेल तर वाट इथलीच आहे.

साफ करताना वायपरचे नट काढा. काढण्याआधी काचेवर पात्यांची जागा चिकटपट्टीने खूण करून ठेवा, नाहीतर बसवताना कोन चुकतो. दांडा खाचांवर घट्ट बसलेला असेल तर हातोडी मारू नका, डावी-उजवीकडे हलवत सैल करा किंवा छोटा पुलर वापरा. जाळी उचला, कचरा हातानेच वेचून काढा. तो पाण्याने ढकलायला गेलात तर भोकात आणखी घट्ट बसतो. काही गाड्यांत भोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं. ते दाबून उघडा, आतला गाळ काढा. नंतर लिटरभर पाणी ओता: ते काही सेकंदांत गाडीखाली पडलं पाहिजे. जाळी परत बसवताना तिची काचेकडची कड खाचेत पूर्ण बसली आहे ना, ते बोट फिरवून बघा. ती वर राहिली तर पाणी सरळ फिल्टरवर पडतं. फिल्टरच्या झाकणाची फोमची पट्टी चपटी झाली असेल तर ती बदला.

सनरूफ

सनरूफचं रबर पाणी शंभर टक्के अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरून भोवती तसराळं दिलेलं असतं आणि त्याच्या कोपऱ्यांतून, बहुतेक गाड्यांत चार, नळ्या खाली जातात. पुढच्या दोन समोरच्या खांबांतून दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या आत. म्हणून सनरूफच्या काचेभोवती सिलिकॉन भरणं ही निव्वळ चूक आहे. त्याने छत उघडेनासं होतं आणि गळती तशीच राहते.

तपासणी सोपी आहे. सनरूफ उघडा, प्रत्येक कोपऱ्यात 200 मिली पाणी सावकाश ओता आणि गाडीखाली बघा. पाणी कोपऱ्यात थबकलं तर नळी तुंबलीय. पाणी नाहीसं झालं पण खाली पडलं नाही, तर नळी आतल्या आत निघालीय किंवा फाटलीय, आणि आत्ताच ओतलेलं पाणी तुमच्या कार्पेटखाली चाललंय. लगेच थांबा. तुंबलेल्या नळीत गवत कापायच्या यंत्राची 2 मिमी नायलॉन दोरी घाला. तिचं टोक मेणबत्तीवर धरून गोलसर करून घ्या, म्हणजे नळीला भोक पडणार नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह टाळा. जोरात हवा गेली की नळी वरच्या तोटीवरून सुटते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं. समोरच्या खांबाचं प्लॅस्टिक काढणार असाल तर बाजूचा पडदा-एअरबॅग तिथूनच जातो हे लक्षात ठेवा आणि बॅटरी सोडवलेलीच असू द्या.

दाराच्या आतला पडदा

ही वाट लोकांच्या ध्यानातच येत नाही. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोकळीत उतरतं, ते तसंच बनवलेलं आहे, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं. पोकळी आणि आतल्या सजावटीच्या पॅनेलमध्ये प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा काळ्या चिकट ब्यूटाइलने लावलेला असतो. स्पीकर बदलताना किंवा काच वर-खाली करणारी यंत्रणा दुरुस्त करताना हा पडदा फाडला जातो किंवा हाताने कसाबसा दाबून परत लावला जातो. मग पाणी पॅनेलच्या मागून ओघळून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली जातं. खूण अशी की उंबऱ्याच्या पट्टीखाली ओल, दाराच्या पॅनेलची खालची कड ओली किंवा फुगलेली, आणि छत-खांब अगदी कोरडे.

पॅनेल काढताना हँडलच्या खाचेतले आणि हात टेकायच्या जागेतल्या टोपणाखालचे स्क्रू आधी शोधा. मग खालच्या कडेपासून प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवा आणि पॅनेल वर उचलून काढा. दोन-चार नव्या क्लिपा हाताशी असू द्या, जुन्या तुटतातच. आता काचेच्या बाहेरच्या बाजूने, खिडकीच्या पट्टीजवळ लिटरभर पाणी सावकाश सोडा. सगळं पाणी दाराच्या तळातून पडलं आणि पडद्याची आतली बाजू कोरडी राहिली तर पडदा चांगला. तळातून काहीच पडत नसेल तर भोकं मातीने बुजलीत. ती प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करा, नाहीतर दारातच तळं साचून पत्रा आतून गंजतो.

पडदा परत लावताना जुनं ब्यूटाइल पूर्ण काढा. ताज्या ब्यूटाइलचा गोळा त्यावर दाबून झटक्यात उचलला की जुने तुकडे त्याला चिकटून येतात. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, 8 ते 10 मिमी जाडीची ब्यूटाइल टेप सलग लावा, कोपऱ्यात तुकडा जोडू नका. पडद्याची खालची कड जिथे मुळात पोकळीच्या आत वळवलेली होती तिथे तशीच वळवा. ओघळ पोकळीत पडावा यासाठीच ती असते. शेवटी हेअर ड्रायरने कोमट करून अंगठ्याने पूर्ण घेर दाबून घ्या. इथे सिलिकॉन लावलं तर पुढच्या दुरुस्तीला पडदा फाडूनच काढावा लागेल.

एसीचा निचरा

एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. दमट हवेत तासाला लिटरभर निघू शकतं. ते इंजिनच्या बाजूच्या पत्र्यातून वाकड्या रबरी नळीने खाली पडतं. 20 मिनिटं एसी चालवून गाडीखाली ठिपका दिसला नाही, वळणावर डॅशबोर्डमधून खळखळ ऐकू आली, किंवा शेजारच्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी आलं, तर ही नळी तुंबलीय. गाडी स्टँडवर पक्की ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. डोळ्यांवर चष्मा घाला, कारण पाणी तोंडावरच येतं. मऊ नळी काही सेंटिमीटरच आत घाला आणि हळू हवा फुंका. तार खोल खुपसू नका, आत एसीची नाजूक जाळी आहे आणि तिला भोक पडलं तर गॅस जातो. कधी कधी नळी तुंबलेली नसते, आवाजरोधक नमदा बसवताना ती भोकातून आतच सरकलेली असते. तेही बघा.

बाकीच्या वाटा

पुढची काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर संशय सरळ काचेच्या चिकटद्रव्यावर. युरेथेनचा थर तुटलेला असेल तर बाहेरून काहीही फासून भागत नाही. काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिचाच आधार घेते. ती काढून, गंज घासून, प्रायमर लावून नव्याने बसवून घ्या. हे काच बसवणाऱ्याचं काम आहे.

डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या दिव्यांची पॅकिंग, डिकीचं रबर, छताजवळचा ब्रेक दिवा, अँटेना आणि बंपरमागची हवा बाहेर सोडणारी झडप या क्रमाने बघा. रबर तपासायला त्यावर खडू घासा आणि डिकी बंद करून उघडा. पत्र्यावर रेघ तुटक उमटली तिथे दाब नाही. दारांसाठी कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा, सहज सरकली तर रबर बसकं झालंय. हवेची झडप मात्र सील करून टाकू नका. ती बंद केली की काचा धुरकटतात आणि दारं आपटावी लागतात. तिची कड पत्र्याशी जिथे बसते तिथेच काय तो दोष दुरुस्त करायचा. खड्ड्याच्या तळाचं रबरी बूच काढून ठेवणं हा उपायही घातक, त्यातून रस्त्यावरचं पाणी वर येतं.

नंतर बसवलेला अॅम्प्लिफायर, कॅमेरा किंवा दिवे असतील तर त्यांची वायर इंजिनकडून आत कुठून आली ते शोधा. ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात वायरीभोवती बसवलेलं रबर) कापून वायर ओढलेली असते आणि पाणी वायरीवरून थेंब थेंब आत चालत येतं. वायरीला बाहेरच्या बाजूला खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडेल, आणि मग ग्रोमेट नवं घाला.

कशाने बंद करायचं

पत्र्याचा जोड फुटला असेल तर सीम सीलर (पत्र्याच्या जोडांत भरायचं सीलर), तोही गंज घासून आणि प्रायमर लावून. दिवे आणि दाराचा पडदा यांना ब्यूटाइल. काचेला युरेथेन. दाराचं रबर सुकलेलं असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगतं. व्हिनेगरसारखा वास येणारं घरगुती सिलिकॉन पत्र्याला कधीच लावू नका. वाळताना त्यातून निघणारं आम्ल लोखंड गंजवतं, आणि एकदा ते लागलं की पुढे त्या जागी ना रंग धरतो ना युरेथेन. सीलर डब्यावर दिलेल्या वेळेइतका वाळू द्या, आणि मग तीच पाइपाची चाचणी, त्याच जागी, दुप्पट वेळ. गाड्यांना दोन-दोन वाटा असतात. पहिली सापडली म्हणून शोध संपला असं धरू नका.

वाळवणं

ओल्या फोमवर बुरशी 24 ते 48 तासांत धरू लागते, म्हणून शोध लांबणार असेल तर पाणी तरी आधी ओढून काढा. ओलं-कोरडं चालणारा व्हॅक्यूम घ्या, अरुंद तोंड लावा, कार्पेटवर एक पाय रोवून शेजारी नळी धरा. पाणी येणं बंद झालं की अर्धा तास थांबा आणि परत ओढा, कारण बाजूचं पाणी तोवर तिथे सरकतं.

फोम भिजलेला असेल तर सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर घेणं हाच खात्रीचा मार्ग. फोम पिळू नका, तो फाटतो. टॉवेलच्या दोन थरांत ठेवून वर उभे राहा. मग सावलीत, वाऱ्यात उभं करून ठेवा. चिंध्यांचा नमदा कुजकट झाला असेल तर फेकून नवा घ्या, धुऊन तो परत पूर्वीसारखा होत नाही.

कार्पेट काढणं शक्य नसेल तर ते कडेने उचला, खाली 8-10 सेंमीचे लाकडी ठोकळे सरकवा आणि एका बाजूने टेबल फॅन असा ठेवा की हवा कार्पेटच्या खालून जाऊन दुसऱ्या बाजूने निघेल. फॅन लावायचा तर खिडक्या उघड्या, डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावायचा तर सगळं बंद. बाहेर दमट असेल तर दुसरा पर्याय बरा. दोन्ही पद्धतींत दिवस जातात, तास नाही. हीट गन जवळ धरू नका, पॉलिप्रॉपिलीनचं कार्पेट साधारण 160 अंशांना वितळतं आणि त्याआधीच आकार सोडतं. सिलिका जेलच्या पुड्या, मीठ, तांदूळ यांचा लिटरांच्या हिशोबात काही उपयोग नाही. वाळून झाल्यावर हवेतला दमटपणा ओढायला जेल चालेल.

दारं तासन्‌तास उघडी राहिली तर आतले दिवे बॅटरी संपवतात. टर्मिनल सोडवा. किंवा स्क्रू ड्रायव्हरने दाराच्या कडीची जीभ फिरवून गाडीला दार बंद वाटेल असं करा, पण दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ मोकळी करायला विसरू नका, नाहीतर कडी वाकते.

वास, गंज, वायरी

बुरशी दिसत असेल तर एन-95 मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावा. सौम्य डिटर्जंटने धुवा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं फवारून अर्धा तास ठेवा आणि ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्यूम करा. ब्लीच नको: कार्पेटचा रंग जातो, पत्रा गंजतो, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. सुगंधी फवारे वास झाकतात आणि पाणी परत आलंय ही सूचनाही झाकतात, म्हणून पहिला महिनाभर ते लावूच नका.

कार्पेट बाहेर आहे तोवर पत्रा बघून घ्या. डांबरी तक्त्याची कड उचकटलेली असेल तिथे खाली गंज असतो. सैल तुकडा काढा, तारेच्या ब्रशने घासा, गंजरोधक द्रव, मग एपॉक्सी प्रायमर, मग रंग. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा दबत असेल तर रंगाने झाकू नका, वेल्डिंग लागेल.

वायरिंगचे कनेक्टर एकेक उघडा. पिनांवर हिरवा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, पूर्ण वाळू देणं आणि मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पुसट हात. सेंट्रल लॉक मनाने उघडणं, अलार्म वाजणं, रात्रीत बॅटरी उतरणं याचं मूळ अनेकदा इथेच असतं. एअरबॅगचा मॉड्यूल किंवा पिवळे कनेक्टर भिजलेले असतील तर ते स्वतः साफ करू नका. पुराचं पाणी सीटच्या बैठकीपर्यंत पोचलं असेल तर यातलं काहीच सुरू करू नका. गाडी चालू न करता ओढून न्या, कारण तिथे प्रश्न कार्पेटचा राहिलेला नसतो.

परत बसवताना

आधी ओल तपासा. 30 × 30 सेंमी प्लॅस्टिकचा कागद फोमवर चारही कडांनी चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या खालच्या बाजूला धुकं किंवा थेंब दिसले तर आणखी वाळवा. कार्पेट सगळ्या खाचांत बसवा, एसीची नळी आणि वायरी त्याखाली चेमटलेल्या नाहीत ना ते बघा. सीटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा, सगळे कनेक्टर लागल्यावरच बॅटरी जोडा. मग इंजिन बंद ठेवून तिन्ही पॅडल शेवटपर्यंत दाबून सोडा. अॅक्सिलरेटरखाली कार्पेटची घडी राहिली असेल तर पॅडल अडकतं, त्यामुळे ही तपासणी झाल्याशिवाय गाडी हलवू नका. पुढच्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर उंबऱ्याची पट्टी पुन्हा उचला आणि हात पत्र्याला लावून बघा.